सातव्या मजल्याची भूक

हसू नका म्हटलं तरी तुम्ही हसणारच, तेव्हा खुशाल हसा. फक्त चहाचा कप आधी खाली ठेवा!

तर, भाईंदर पूर्वेला, नवघर रोडच्या आतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये सुलभाकाकू राहतात. मूळच्या गुहागरकडच्या. उकडीचे मोदक असे करतात की विचारू नका! काका रिटायर झाल्यावर काकूंनी ठरवलं, यंदा गणपतीत मोदकांच्या ऑर्डरी घ्यायच्या. आणि मी पडलो वेबसाइटवाला, घरी बसून तेच काम करतो. म्हटलं, "काकू, फोनवर कसल्या ऑर्डरी घेताय? मस्त ऑनलाइन फॉर्म करून देतो."

फॉर्ममध्ये होतं काय? नाव, मोदक किती, फ्लॅट नंबर. संपलं! पण पहिल्या खेपेला सगळं वाकडंतिकडं. नाव वर, त्याची चौकट खाली, एक चौकट रुंद, दुसरी एवढीशी. काकू चष्मा सावरत म्हणाल्या, "अरे, हे दात पडल्यासारखं का दिसतंय?"

लागलं ना मनाला! मग मी ग्रिड वापरलं. म्हणजे पडद्यावर न दिसणारे रकाने आखायचे. डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तराची चौकट. एकेक गोष्ट आपोआप पुढच्या रकान्यात जाऊन बसते. काय सरळ दिसत होतं म्हणून सांगू!

काकू खूश. निघताना म्हणाल्या, "नावाखाली एक ओळ टाक रे, तळणीचे मिळणार नाहीत म्हणून. लोक मागाहून कटकट करतात."

एक ओळ! त्यात काय एवढं? टाकली, आणि उघडून न बघताच लिंक सोसायटीच्या ग्रुपवर सोडली.

संध्याकाळपर्यंत ऑर्डरीच ऑर्डरी. मी काकूंना नाव आणि मोदकांचा आकडा तेवढा कळवत होतो. आपल्याच बिल्डिंगमधली माणसं, फ्लॅट नंबर कशाला हवा? सातव्या मजल्यावरच्या जिग्नाबेन, सातशे दोन. सहाव्या मजल्यावरचे पिल्लईसाहेब, सहाशे चार.

काकू धापा टाकत दारात. "अरे, एवढे?"

"डिझाइन चांगलं असलं की होतं असं, काकू."

"पण वरच्या मजल्यावरचेच का जास्त मागवतायत?"

आणि माझ्याकडे याचंही उत्तर होतं! "वर खाडीचं वारं लागतं ना. भूक जास्त लागते."

हे मी गंभीरपणे बोललो हो!

काकूंनी गावाहून टेम्पोभर नारळ मागवले. जवळच्याच मुर्धा गावाहून त्यांच्या मैत्रीण रंजनाताई मदतीला आल्या. आकडे ऐकून गालावर हात ठेवून म्हणाल्या, "अगं बाय, एवढं मोदक खानार कोन हाय?"

"ताई, ही ऑनलाइनची ताकद!" इति मी.

तळमजल्यावर नाईक आजोबा एकटेच राहतात. त्यांच्या नावापुढे आकडा होता तीन. काकूंचे डोळे भरून आले. "बिचारे! कोण खाणार त्यांच्याकडे? मी आपले माझ्याकडून अकरा देते." आणि मला घेऊन त्यांच्याकडे गेल्या, हळूच सांगायला.

"आजोबा, तुमच्या तीन मोदकांवर माझ्याकडून आणखी अकरा हं."

"तीन?" आजोबा उसळलेच. "अगं, मुलगी, जावई, नातवंडं, सगळी येतायत माझ्याकडे. एकावन्न मागवलेत मी! तीन हा माझा फ्लॅट नंबर आहे!"

सातशे दोन. सहाशे चार.

मोबाइल काढून फॉर्म उघडला. ती एक ओळ गुपचूप डाव्या रकान्यात जाऊन बसली होती आणि तिच्यापुढचं सगळं एकेक रकाना सरकलं होतं. मोदकांच्या चौकटीशेजारी शब्द आले होते 'फ्लॅट नंबर'. लोकांनी बिचाऱ्यांनी तिथे फ्लॅट नंबर भरला, आणि मोदकांचा आकडा उरलेल्या चौकटीत. जिग्नाबेनना हवे होते एकवीस!

दुरुस्ती किती? ती ओळ दोन्ही रकान्यांवर आडवी पसरवायची, बस. पण टेम्पो गुहागरहून निघाला होता, तो कसा सरकवणार?

काकू जिन्यातच बसल्या. ओरडल्या असत्या ना, तर बरं वाटलं असतं.

मग टेम्पो आला आणि मी दारोदार फिरलो. खरं काय ते सांगितलं आणि जास्तीचे नारळ घ्या म्हणून हात जोडले. जिग्नाबेन तर दाराला धरून हसत होत्या. "अरे भाई, सात सौ दो? मेरेको हलवाई समझा क्या?" पण पूजेला म्हणून त्यांनी दहा नारळ घेतले. मग पिल्लईसाहेबांनी घेतले, त्यांना तर चटणीला रोजच लागतात. बघता बघता अख्ख्या बिल्डिंगने टेम्पो रिकामा केला. काकूंना लागतील तेवढेच उरले.

गणपतीच्या आदल्या दिवशी मी काकूंच्या स्वयंपाकघरात हजर. म्हटलं, भरपाई म्हणून मोदक वळू लागतो. पहिला वळला. एक पाकळी इकडे, दुसरी तिकडे, शेंडा भलतीचकडे.

काकूंनी तो तळहातावर फिरवून पाहिला, रंजनाताईंना दाखवला. दोघींनी तोंडाला पदर लावला.

"जा बाबा," काकू म्हणाल्या, "तू नारळ फोड. ते वाकडे फुटले तरी चालतात."