मास्तरांचा उजवा पाय आणि पुदिनाबाई

मास्तर गाडी चालवायला शिकवायचे. बावीस वर्षं त्यांचा उजवा पाय शहाण्यासारखा वागला होता. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. त्या ब्रेकच्या दोन बोटं वर हा पाय अधांतरी थांबायचा आणि खरीच गरज पडली तर खाली यायचा. वळणावर डोळे मिटून घेणारे, उलटा गिअर टाकून समोर बघत बसणारे, सिग्नलला गाडी बंद पडली की मुसमुसणारे, असे सगळे नमुने मास्तरांनी पचवले होते. वर घरी येऊन त्यांच्या नकला करून बायकोला हसवलंही होतं.

मग एका मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला एक तरुण नर्स गाडी शिकत होती. औषधाच्या दुकानापाशी वळताना ती गांगरली आणि ब्रेकऐवजी तिने ॲक्सिलरेटर दाबला. गाडी उडी मारून फुटपाथवर चढली. समोरून एक बाई बाबागाडी ढकलत येत होती. मास्तरांनी पूर्ण ताकदीने ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा काचेतून बाबागाडीचं फक्त निळं छत दिसत होतं, खालचं काही दिसत नव्हतं. म्हणजे किती जवळ, ते तुम्हीच समजा. आतलं बाळ झोपलेलंच होतं. ती बाई ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. तिने क्षणभर मास्तरांकडे बघितलं आणि बाबागाडी वळवून निघून गेली.

काही झालं नव्हतं. कोणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. "होतं असं कधीकधी," मास्तर नर्सला म्हणाले. त्यानंतर ठरलेले आणखी तीन तास त्यांनी घेतले, घरी आले, जेवले. बायकोला त्यांनी सांगितलं नाही. सांगायचं तरी काय? काही झालंच नव्हतं ना!

पण त्या दिवसापासून पाय बिथरला. जेवायला बसले की टेबलाखाली तो फरशीवर धप्प करून आपटायचा. टीव्हीवर रस्ता दिसला की आपटायचा. न्हाव्याच्या खुर्चीत तर एकदा इतक्या जोरात आपटला की न्हाव्याने वस्तरा बाजूला ठेवला आणि म्हणाला, "साहेब, आधी तुमचं काय ते उरकून घ्या." मास्तरांना एका जागी बसवेना. घरात असले की खिडकी ते दार, दार ते खिडकी. बाहेर असले की दर तासाला पेट्रोल पंपावरच्या यंत्रातली काळी कॉफी. बायको शाळेच्या ग्रंथालयात काम करायची, आवाजाला तिचे कान तिखट. तिने आठवडाभर ऐकून घेतलं आणि एके दिवशी गुपचूप टेबलाखाली जुनी उशी ठेवून दिली.

"अहो, झालंय काय तुम्हाला?"

"मला काय होणार? कॉफी जरा जास्त होतेय, इतकंच."

त्याच सुमाराला पुदिनाबाई शिकायला आल्या. हे नाव मास्तरांनी मनातल्या मनात ठेवलेलं. बाईंचं बाजाराच्या मागच्या गल्लीत औषधी चहाचं छोटंसं दुकान होतं, आणि त्या गाडीत बसल्या की पुदिन्याचा असा वास सुटायचा की शिंका यायच्या. वय साठीला टेकलेलं. नवरा गेल्यावर त्याची जुनी डिलिव्हरी व्हॅन दारात धूळ खात उभी होती. शहराबाहेरच्या मळ्यातून पानं-फुलं आणायला दर वेळी कोणाच्या तरी विनवण्या कराव्या लागत. त्याचा त्यांना कंटाळा आला होता.

तिसऱ्या तासाला त्या गाडी चालवता चालवता एकदम म्हणाल्या, "सर, मी चालवतेय आणि घाम तुम्हाला फुटलाय."

"समोर बघा, बाई."

"समोरच बघतेय. तुमचा पाय ऐकू येतो मला."

तास संपल्यावर त्यांनी थर्मास काढला आणि झाकणात फिकट पिवळं पाणी ओतलं. मास्तरांनी हुंगून नाक मुरडलं. "हे काय, आजाऱ्याचं पेय?"

"कॅमोमाइलची फुलं आहेत. औषध म्हणून देत नाहीये, आधीच सांगते. कोणाला बरं वाटतं, कोणाला नुसतं गरम पाणी वाटतं. पण कॉफीच्या जागी हे घेतलंत तर निदान छातीत ढोल तरी वाजणार नाहीत."

दुसऱ्या दिवशी मास्तर दुकानात गेले. भिंतीला लागून काचेच्या बरण्या, त्यांत वाळलेली पानं, फुलं, मुळ्या. बाईंनी तीन पुड्या बांधल्या: एकीत कॅमोमाइल, एकीत गवती चहा आणि पुदिना, एकीत ज्येष्ठमध घातलेलं गोडसर मिश्रण. पुड्यांना दोरा गुंडाळता गुंडाळता त्यांनी विचारलं, "रक्तदाब वगैरे काही? कसल्या गोळ्या चालू आहेत? तसं असेल तर ही गोडवाली देत नाही मी."

मास्तर सात वर्षं रक्तदाबाची गोळी घेत होते. पण आपल्या विद्यार्थिनीपुढे आजाराचं रडगाणं कुठे गायचं? "छे, ठणठणीत आहे मी," ते बोलून गेले.

"मग रोज एखादा कप. त्याहून जास्त नाही."

मास्तरांचा स्वभाव मात्र सगळं एका दमात उरकायचा. एका कपाने थोडं बरं वाटतं तर सहा कपांनी सहापट वाटेल, असा साधा हिशोब त्यांनी केला. कॉफी सोडली, हे खरं. तिच्या जागी दोन मोठे थर्मास आले. कॅमोमाइल त्यांना ओल्या गवतासारखं लागायचं, पुदिन्याने शिंका यायच्या, म्हणून गाडी घसरली ती ज्येष्ठमधावर. गोड, गुळगुळीत, घशाला बरं. सकाळी उठल्यावर एक, निघताना एक, प्रत्येक तासानंतर एक. परिणाम असा झाला की कुठल्या गल्लीत सार्वजनिक स्वच्छतागृह आहे हे मास्तरांना नकाशाशिवाय सांगता येऊ लागलं, आणि शिकाऊ मंडळी चकित होऊ लागली की आपला प्रत्येक तास बस स्थानकाच्या मागेच का संपतो.

पाय काही शांत झाला नाही. उलट तीन आठवड्यांत डोकं ठणकायला लागलं, घोट्यांवर सूज दिसू लागली. मास्तरांनी त्यावर उपाय म्हणून आणखी एक कप वाढवला.

पुदिनाबाईंची परीक्षा पाच दिवसांवर आली होती. त्या दिवशी त्या मोठ्या रस्त्यावर अगदी झकास चालवत होत्या. हात हलके, नजर आरशात, वेग बेताचा. तेवढ्यात फुटपाथवरून एक वर्तमानपत्राचा कागद वाऱ्याने उडाला आणि गाडीसमोर आला. निळ्या रंगाची पानभर जाहिरात होती त्यावर. मास्तरांना निळं दिसलं आणि पाय खाली गेला, सगळ्या बावीस वर्षांचं वजन घेऊन. गाडी जागच्या जागी रुतल्यासारखी थांबली. मागच्या टेम्पोने त्यांच्या बंपरला ठोकर दिली. कोणाला लागलं नाही. टेम्पोवाला मात्र उतरून आला आणि त्याने तोंडाचा पट्टा सोडला.

पुदिनाबाईंचे हात स्टिअरिंगवर गोठले होते. "सर, मी काही चुकले का? मी ब्रेक दाबला का?"

मास्तरांनी तोंड उघडलं. खरं बोलायला तेवढा क्षण पुरेसा होता. टेम्पोवाला खिडकीशी वाकून उभा होता, मागे हॉर्न वाजत होते.

"होतं असं," मास्तर म्हणाले. "घाबरून पाय पडतो कधीकधी. शिकताय अजून."

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसात त्यांचा फोन आला, की परीक्षेतून माझं नाव काढून टाका, माझ्याच्याने हे व्हायचं नाही.

निरोप ऐकल्यावर मास्तर पार्किंगमध्ये गोल गोल फिरत राहिले. अकरा फेऱ्या झाल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि ते एका स्कूटरचा आधार घेत खाली बसले. ऑफिसातल्या मुलीने घाबरून त्यांच्या बायकोला फोन लावला. बायको ग्रंथालयाला कुलूप घालून तशीच रिक्षाने आली आणि नवऱ्याला थेट दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला आणि पुन्हा बांधला. "गोळ्या घेताय ना?"

"रोज घेतो. एकही चुकवलेली नाही."

"मग खाण्यापिण्यात नवीन काय?"

"काहीच नाही. उलट कॉफी सोडली. मन शांत राहावं म्हणून औषधी चहा घेतो, ज्येष्ठमधाचा."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. "किती?"

"सहा कप. कधी आठ."

"अहो, ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढतो! एरवी घशाला चिमूटभर ठीक, पण तुमच्यासारख्याने दिवसाला आठ कप? गोळी घेऊन खाली आणताय आणि चहा पिऊन वर चढवताय. पानाफुलांचं आहे म्हणून काहीही, कितीही चालतं असं नसतं हो. आजपासून बंद. रक्ताची तपासणी करून घ्या. आणि दाब खाली येईपर्यंत गाडी शिकवणं बंद." मग त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "पण मला सांगा, मन शांत करायची वेळ का आली?"

मास्तरांनी छताकडे बघितलं. पाय आपटत होता. बायको कोपऱ्यातल्या स्टुलावर पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती.

"एक बाबागाडी होती," मास्तर म्हणाले, आणि पुढचं सगळं बाहेर पडलं. औषधाचं दुकान, निळं छत, त्या बाईची नजर. मग टेम्पो, पुदिनाबाई, आणि आपण बोललेलं खोटं. एक नाही, दोन.

दवाखान्यातून बाहेर पडल्यावर बायको भराभर पुढे चालत राहिली. चौकात आल्यावर तिचा बांध फुटला. "दोन महिने! दोन महिने तुम्ही हे पोटात घेऊन फिरलात आणि मी बावळट, टेबलाखाली उशा ठेवत बसले!" भर चौकात ती रडली, आणि रडता रडता तिने त्यांचा हात असा आवळला की मास्तरांची बोटं दुखायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर बाजारामागच्या गल्लीत गेले. पुदिनाबाई बरण्या पुसत होत्या. मास्तर दारातच उभे राहिले आणि उभ्याउभ्या बोलून टाकलं. ब्रेक मी दाबला. तुमचं काही चुकलं नव्हतं. आणि रक्तदाबाचंही तुमच्याशी खोटं बोललो.

बाई समजूतदारपणे हसतील, एखादा कप पुढे करतील, असं मास्तरांना कुठेतरी वाटलं होतं. तसं काही झालं नाही. बाई लालबुंद झाल्या.

"दोन दिवस मी त्या व्हॅनकडे ढुंकून बघितलं नाही. लेक म्हणाली, आई, या वयात कशाला हे धंदे, आणि मला तिचं पटलं. पटलं हो मला! आणि गोळ्यांचं विचारते ते काय मी वेळ घालवायला विचारते? उद्या तुम्हाला काही झालं असतं तर? माझ्या हातची पुडी होती ती." त्यांनी फडका काउंटरवर आपटला. "जा तुम्ही. मला दुकान बंद करायचंय."

सकाळचे साडेदहा वाजले होते. मास्तर गेले.

पुढचे दोन आठवडे त्यांना फार जड गेले. हाताला काम नाही, पायाला भिंगरी. घरातली सगळी कपाटं दोनदा आवरून झाली. डॉक्टरीणबाईंनी एका समुपदेशकाचा पत्ता दिला होता, तिथे जाऊन बसले. पहिल्या दोन भेटी त्यांना मुळीच आवडल्या नाहीत. हा माणूस नुसता विचारत बसतो, सांगत काही नाही, अशी त्यांनी घरी येऊन कुरकुर केली. तरी तिसऱ्यांदा गेले.

रक्तदाब उतरला, शिकवायची परवानगी मिळाली, त्याच आठवड्यात फोन वाजला. "सर, परीक्षेची नवी तारीख घेतलीय. शिकवायचं असेल तर माझ्या व्हॅनमध्ये शिकवा. परीक्षाही त्याच गाडीतून देणार आहे."

व्हॅनमध्ये दुसरा ब्रेक नव्हता. पहिल्या दिवशी मास्तर दाराच्या वरची कडी धरून बसले. व्हॅन गल्लीतून निघाली, बाजार ओलांडला, मोठ्या चौकाला आली. एक सायकलवाला डावी-उजवी न बघता आडवा घुसला. मास्तरांचा पाय रबरी चटईवर आपटला, पण व्हॅन त्याआधीच मंद झाली होती. बाईंनी सायकलवाल्याला जाऊ दिलं, आरशात बघितलं आणि विचारलं, "कुठली लेन घेऊ?" मास्तर चटईकडेच बघत होते, तेव्हा त्या पुन्हा म्हणाल्या, "सर, लेन! झोपलात का?"

अशा सात फेऱ्या झाल्या. दर फेरीला मास्तरांचा शर्ट भिजायचा आणि दर फेरीला चटईवरचे धक्के थोडे कमी व्हायचे. एकदा अकरा झाले होते, एकदा चार, मग मध्येच पुन्हा नऊ. चौथ्या फेरीला बाईंचा राग ओसरला असावा, कारण त्यांनी त्या दिवशी थर्मास आणला. आत नुसती कॅमोमाइलची फुलं. "डॉक्टरांना विचारून या आधी," त्यांनी बजावलं. मास्तर खरंच विचारून आले. जेवणानंतर एक कप चालेल, म्हणाल्या डॉक्टरीणबाई. फुलांचा गुण, कॉफी सुटल्याचा, समुपदेशकाचा की बायकोला सगळं कळल्याचा, हे मास्तरांना कधीच सांगता आलं नाही. बाईंना विचारलं तर त्याही खांदे उडवायच्या. पण पूर्वी घरभर फेऱ्या मारणारा माणूस आता कप रिकामा होईपर्यंत तरी खुर्चीत टिकायचा. वाईट दिवस अजूनही येत. आले की मास्तर बायकोला सांगायचे.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक पुदिनाबाईंना घेऊन गेला आणि मास्तर केंद्राच्या कुंपणाशी फेऱ्या घालत राहिले. वीस मिनिटांनी व्हॅन परत आली. परीक्षक उतरला, कागदावर सही केली, आत गेला. बाईंनी खिडकीतून कागद उंच धरून हलवला, काहीतरी ओरडल्या आणि मास्तरांनी हात वर करेपर्यंत व्हॅन फाटकाबाहेर वळली, थेट मळ्याच्या रस्त्याला. शिकवणारे मास्तर आपल्यासोबत आले होते, हे त्या आनंदात साफ विसरल्या होत्या.

बस तासाने होती. तासभर उभं राहणं मास्तरांना जमणारं नव्हतं. ते चालत निघाले आणि पाऊण तासाने घामाघूम होऊन घरी पोहोचले.

"पास झाल्या?" बायकोने दार उघडत विचारलं.

"झाल्या."

"मग गाडीने नाही का सोडलं तुम्हाला?"

"अगं, ती बाई थांबतेय कुठे आता!" मास्तर म्हणाले, आणि बूट काढायला पायरीवर बसले.