दुसरी शेंग

अप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर मटाराच्या वेलांना सुतळी बांधत होते. सासरे दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत असताना सून गच्चीवर काय करत होती, असं कुणाच्या मनात आलं तर त्यात काही चूक नाही. पण मला तिथे त्यांनीच पाठवलं होतं. सकाळी कोठी भागातल्या दवाखान्यात डबा घेऊन त्यांच्या खाटेशी उभी राहिले, तर डब्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "वारा सुटला का गं?" म्हटलं, सुटलाय. "मग इथं काय करू लागलीस? वेल आडवे झाले तर फुलं जातील. जा, बांध आधी. मी कुठं पळून चाललो का?" नाकात नळी होती, तरी आवाज गल्ल्यावर बसलेल्या माणसाचाच होता... मी गेले. सुहासचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, फोन आला तेव्हा दोन ओळींपैकी एक बांधून झाली होती. फोन ठेवला, थोडा वेळ जमिनीवर तशीच बसून राहिले, मग उठून दुसरी ओळ बांधली आणि त्यानंतरच खाली उतरले. याचं मला आजही वाईट वाटत नाही. काम अर्धवट टाकून गेले असते तर त्यांना ते लागलं असतं.

अप्पांचं सुलतान बाजारात साड्यांचं दुकान होतं. त्यांचे वडील नांदेडकडची शेती भावांवर सोपवून हैदराबादेत आले आणि इथलेच झाले. अप्पा गिऱ्हाइकांशी तेलुगूत बोलत, हमालांशी दखनीत आणि घरात मराठीत, पण त्या मराठीत बाकीच्या दोघी हक्काने येऊन बसलेल्या असत. मी पुण्याची. लग्न होऊन आले तेव्हा त्यांचं 'हौ' आणि 'नक्को' ऐकून मला हसू दाबावं लागायचं. आता माहेरी गेले की आई मलाच हसते. ते मला नावाने क्वचितच हाक मारत. 'पुणेकर' म्हणत, आणि त्यात थट्टा किती अन् माया किती, हे मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. दुकान बंद केल्यावरही त्यांच्यातला दुकानदार काही निवृत्त झाला नाही. ते सांगत, "गिऱ्हाईक तोंडानं खोटं बोलतं, पुणेकर. रंग पसंत नाही म्हणतं, आणि बोटं पदरावरनं उठत नाहीत. आपण तोंडाकडं बघायचंच नाही. हाताकडं बघायचं."

सासूबाईंना मी पाहिलेलं नाही. माझ्या लग्नाआधीच त्या गेल्या. त्यांना मटाराचं विलक्षण वेड होतं. सोलायला बसल्या की निम्मे दाणे पातेल्यात आणि निम्मे तोंडात, असं सुहास सांगतो. माहेरी शेतातल्या ताज्या शेंगा खाऊन वाढलेल्या. इथे कोठीच्या बाजारात मटार येतो तो लांबून, पोत्यात दाबून, आणि तोडल्यापासून जितका वेळ जातो तितकी त्याची गोडी उतरते. दर थंडीत त्या कुरकुरत, आणि दर थंडीत अप्पा म्हणत, की पुढच्या वर्षी गच्चीवर लावून देतो तुला. पण मटार पेरायची वेळ आणि साड्यांचा हंगाम एकच. दिवाळी झाली की लग्नसराई, आणि लग्नसराई संपेपर्यंत ऊन तापलेलं. ते पुढचं वर्ष आलंच नाही... अस्थी घेऊन अप्पा काशीला गेले. तिथे एखादा आवडता पदार्थ सोडायचा असतो. बरेच लोक चलाखी करून शेपू नाहीतर कारलं सोडून येतात. अप्पांनी मटार सोडला. तिच्यावाचून एकट्याने बसून तो खायचा, हे त्यांना जमणारं नव्हतं. आणि परत आल्यावर, त्याच वर्षी दिवाळीनंतर, त्यांनी गच्चीवर मटार पेरला.

मी नवीन होते, जीभ जरा जास्तच चालायची. विचारलं, "अप्पा, स्वतः खायचा नाही तर लावता कशाला?" ते म्हणाले, "खायचा सोडला. लावायचा कुठं सोडला?"

तर अशा माणसाला चव घ्यायला कुणीतरी हवं होतं. आधी ते काम सुहासकडे होतं, पण सुहासला सगळंच मस्त लागतं, त्यामुळे तो पहिल्याच वर्षी नापास झाला. मग माझी नेमणूक झाली. पद्धत ठरलेली. दुकानातलं एक बुटकं लाकडी स्टूल त्यांनी गच्चीवर नेऊन ठेवलं होतं, त्यावर ते बसत. समोर ताटल्यांत वेगवेगळ्या वाणांच्या शेंगा. कुठली कुठल्या वेलाची ते मला सांगत नसत. एकेक शेंग खायला लावायचे, आणि मग भलतंच काहीतरी विचारायचे. ऑफिसातला साहेब अजून तसाच आहे का? मेट्रोत बसायला जागा मिळाली का? मी तावातावाने सांगत बसे, आणि त्यांचं लक्ष माझ्या हाताकडे. बोलता बोलता दुसरी शेंग उचलायला हात आपोआप ज्या ताटलीकडे जाईल, तो वाण खरा. "पहिली शेंग म्हणजे मुलाहजा," ते म्हणत, "दुसरी खरी." मी कधी सावध झाले, उगाच इकडेतिकडे बघून शेंग उचलली, की लगेच ताटल्या गोळा करत. "आता तू विचार करू लागलीस. नक्को. उद्या बघू."

हे सगळं वाचायला गमतीचं वाटेल, पण त्यामागे माणूस किती हट्टाने राबत होता ते मी पाहिलंय. आमच्या हैदराबादची थंडी मोजकी. एकदा त्यांनी उंच वाढणारा, उशिरा येणारा वाण लावला. त्याच्या दाण्यांना फार गोडी असते म्हणे. वेल पाण्याच्या टाकीपर्यंत चढला, आम्ही कौतुक केलं, आणि फुलं आली तेव्हा नेमकं ऊन तापलं. सगळी गळाली. लवकर येणारे बुटके वाण उन्हाआधी शेंगा देतात, पण त्यातल्या काहींच्या दाण्यांची साल जाड, खाताना दाताखाली राहते. म्हणजे गोड असेल तो थंडीत मावत नाही, मावेल तो गोड नाही. "तिला चालला नसता," एवढंच म्हणून अप्पा अख्खी ओळ उपटायचे. पानांवर भुरी रोगाची पांढरी पूड दिसली की आंबट ताक गाळून फवारायचे. एकदा त्यांची बहीण, कुसुमआत्या, नांदेडहून मोठ्या प्रेमाने शेतातलं बी घेऊन आल्या. माझा हात काही त्या ताटलीकडे गेला नाही. अप्पांनी ते बी बाद केलं, आणि तसं बहिणीला फोन करून सांगितलंसुद्धा! आत्या वर्षभर रुसून होत्या. भोगीला मात्र घरात भाजी व्हायची ती गच्चीवरच्या मटाराची, आणि अप्पांसाठी वेगळ्या पातेल्यात, मटाराशिवाय. आपली मटाराविना भोगीची भाजी खाता खाता ते सगळ्यांच्या ताटांकडे बघत बसायचे.

अशा छाननीतून एक वाण टिकला. बुटका, लवकर येणारा, आणि साल पातळ. त्याचं बी दरवर्षी घरीच धरायचं. चांगल्या वेलावर साडीच्या किनारीची चिंधी बांधली, की त्याच्या शेंगांना कुणी हात लावायचा नाही. त्या वेलावरच वाळायच्या. दुकानातल्या किनारींचं एक गाठोडं त्यासाठीच जिन्यातल्या खिळ्याला टांगलेलं असतं. या वाणाला अप्पा 'घरचा' म्हणत, आणि मला वाटायचं, झालं, आता शोध संपला.

या दिवाळीनंतर डॉक्टरांनी त्यांना जिना बंद केला होता. ते चढले. प्रत्येक वळणावर बसत, धापा टाकत, पण चढले. त्यांच्या हातात भिजवलेल्या बियांच्या दोन वाट्या होत्या. एकीत घरचा वाण आणि दुसरीत कोठीच्या बियांच्या दुकानातून मागवलेला नवा. मी चिडलेच. "अप्पा, घरचा उत्तम आहे. आता हे नवीन कशाला?" त्यांनी श्वास जमेपर्यंत मला थांबवून ठेवलं. "घरचा हाय म्हणून ठेवायचा, असं कुठं असतंय? याच्याहून गोड निघाला तर?" मी म्हटलं, मग दोन्ही ठेवू. त्यावर मान हलवली. "दोन ठेवले की निवड होत नाही, पुणेकर. नुसता साठा होतो. एकच ठेवायचा." त्या दोन ओळी त्यांनी स्वतःच्या हातांनी पेरल्या. कुठली ठेवायची हे ठरवायच्या आत ते गेले...

तेराव्याला जेवणं आटोपल्यावर सगळे बसले होते, तेव्हा कुसुमआत्या मला म्हणाल्या, "मेघना, लेकीसारखं केलंस तू त्याचं. आता त्याच्या नावानं काहीतरी सोड. मटारच सोड बाई तू. तेवढाच त्याचा मान." सगळ्यांनी माना हलवल्या. त्यांनी मला किती मोठी जागा दिली होती ते मला कळत होतं. सुनेला कुणी असं म्हणत नाही. तरी मी म्हटलं, "नाही सोडणार." हलत्या माना थांबल्या. "आत्या, चहा सोडते. आंबा सोडते. तुम्ही म्हणाल ते सोडते. मटार नाही."

"काहून?"

"वर दोन ओळी उभ्या आहेत. त्यातली कुठली ठेवायची ते अजून ठरायचंय. मीच खायचं सोडलं तर कोण ठरवणार?"

"भाजीपायी भावाचा मान नाही ठेवायचा का माझ्या?"

मला रडू आवरेना. रडत रडतच सांगितलं, की त्यांनी खायचं सोडलं होतं ते मी खात होते म्हणून जमलं. आता मीही सोडलं तर गच्चीवर नुसत्या कुंड्या राहतील. त्याला मी मान म्हणणार नाही. सुहास उठून माझ्या शेजारी येऊन बसला. शेवटी आत्या म्हणाल्या, "बरं. मग मी सोडते. कुणी तरी सोडायला पाहिजे." आणि देवाकडे तोंड करून त्यांनी हात जोडले.

त्यानंतर काही दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. नांदेडला परत मात्र गेल्या नाहीत. मी सकाळी ऑफिसला जायच्या आधी पाणी घालत होते, भुरी दिसली तेव्हा ताक फवारलं. यंदा घरात सण नव्हता, भोगी आली तशी गेली. शेंगा भरत आल्या. एका रविवारी मी ताटल्या घेऊन वर गेले आणि तिथे माझ्या लक्षात आलं, की कुठली ओळ कुठली हे मला ठाऊक आहे. म्हणजे ही परीक्षाच खोटी. मी जिन्यात येऊन हाक मारली. आत्या भिंतीला धरून हळूहळू वर आल्या. म्हटलं, तुम्ही तोडून आणा, दोन ताटल्यांत, आणि मला सांगू नका. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण तोडून आणल्या. बाहेरून दोन्ही शेंगा सारख्याच दिसतात. गच्चीवर बसायला दुसरं काही नव्हतं, म्हणून आत्या त्या स्टुलावर बसल्या.

मी एकेक शेंग खाल्ली. मग काय करायचं ते दोघींनाही कळेना. शेवटी मीच विचारलं, अप्पा लहानपणी कसे होते हो? आत्या सांगायला लागल्या. शेतात हुरडा चालला असताना अप्पा एकदा रुसून राखणीच्या माळ्यावर जाऊन बसले, आणि सगळे शोधताहेत म्हटल्यावर तिथेच झोपून गेले, ते आईने कसं खाली उतरवलं... मी ऐकत होते, हसत होते, मध्येच डोळे पुसत होते.

"थांब," आत्या म्हणाल्या. "हात बघ."

माझ्या हातात सोललेली शेंग होती. डावीकडच्या ताटलीतली.

"कुठली आहे?"

"कोठीची. नवी."

मला घरचा निवडला जायला हवा होता. फार हवा होता. अप्पांच्या हातचं इतक्या वर्षांचं बी होतं ते. मी म्हटलं, "चुकून गेला असेल हात. परत बघू या."

"माझं नांदेडचं बी याच हातानं घालवलंस तू," आत्या म्हणाल्या. "तवा नव्हती का चूक?"

मी जिन्यात गेले, गाठोड्यातून एक किनार ओढली, निळी, बारीक जरीची, आणि नव्या ओळीतल्या चांगल्या वेलाला बांधली. आत्यांनी गाठ ओढून बघितली. त्या संध्याकाळी घरच्या वाणाच्या सगळ्या शेंगा आम्ही तोडल्या, शेवटची सुद्धा, आणि भाजी केली. आत्यांसाठी वेगळ्या पातेल्यात, मटाराशिवाय. सुहास नेहमीसारखा मस्त आहे म्हणाला. आत्या आपलं ताट पुढ्यात घेऊन आमच्या ताटांकडे बघत होत्या.

काल त्या नांदेडला गेल्या. निघताना म्हणाल्या, ते स्टूल खाली आणू नको, दिवाळी झाली की मी येते. म्हटलं, इतका जिना कशाला चढता आत्या, मी करेन सगळं. त्या म्हणाल्या, "तू खाशील गं. बघायला कोण हाय?"