रज्जाकभाईंची वेस

रज्जाकभाई वेशीची गोष्ट दोन माणसांना कधी सारखी सांगत नसत. दर्ग्याला आलेलं नवराबायकोचं जोडपं असलं, तर ती वेस कुण्या सरदारानं रुसलेल्या बायकोसाठी बांधलेली असे. मोटारसायकलवरची कॉलेजची पोरं असली, तर तिच्यात हत्ती अडकलेला असे. आणि म्हातारं माणूस असलं, की कमानीखालून गेलेल्या एका फकिराची डोकेदुखी कायमची थांबलेली असे.

ते धंद्यानं मनियार, म्हणजे बांगड्या भरणारे. मंगरूळपीरच्या त्या जुन्या वेशीत, पहारेकऱ्यांसाठी केलेल्या देवडीत त्यांची बसायची जागा. गावातली लेक सासरी निघाली की गाडी वेशीत थांबायची आणि माहेरच्या शेवटच्या बांगड्या तिथंच भरल्या जायच्या, मग पोरगी कुणाचीही असो. माझी बहीण निघाली तेव्हा रडत होती. रज्जाकभाई म्हणाले, "रडू नको माय, हात आखडते. बांगडी फुटली तं तुह्या भावाले दुसरी घ्या लागन." ती रडता रडता हसली.

धंदा मंदावला तसे ते आल्यागेल्याला गाव दाखवू लागले, फुकटच. आधी दर्गा, मग पायऱ्यांची बारव, आणि शेवटी वेस. मी शाळेत इतिहास शिकवतो. एकदा न राहवून त्यांना म्हटलं, की भाई, ती हत्तीची गोष्ट खोटी आहे.

"मले मालूम हाय, सर," ते म्हणाले. "पन हत्ती म्हटलं का पोट्टे वर पाह्यतात. वर पाह्यलं का नक्षी दिसते."

मग रस्ता रुंद करायचं निघालं. वेस ठेवायची तर रस्ता वळवावा लागणार होता, आणि तो वळला तर आमच्या ओळीतल्या घरांचा पुढचा भाग जाणार होता. माझी बैठकीची खोली त्यात होती. मी हे कुणाजवळ बोललो नाही, बायकोजवळसुद्धा नाही.

वाशीमहून साहेब पाहणीला आले, त्या सकाळी रज्जाकभाई इस्त्रीचा सदरा घालून माझ्या दारात उभे. मला काही बोलावं लागणार नव्हतं, बोलणार ते होते. "तुमी शाळेतले. तुमी नुसती मान हालवली तरी होते," म्हणाले. मी गेलो. त्यांनी आयुष्यातली सगळ्यात लांब गोष्ट सांगितली. सरदार, हत्ती, फकीर, सगळे त्या एका कमानीत कोंबले. साहेबांना हसू आलं. ते माझ्याकडे वळले आणि यात खरं किती, असं विचारलं.

मी म्हणालो, "गोष्टी सगळ्या यांनीच रचल्यात."

हे खरंच होतं. पण दगड जुने होते, चुना जुना होता, अशी कमान आता कुणाला बांधता येणार नाही, हेही मला ठाऊक होतं. साहेब त्यासाठीच थांबले असावेत. लगेच निघाले नाहीत. मी चष्मा पुसत राहिलो.

वेस पाडायला एक दुपार पुरली.

त्यानंतर ते एसटी स्टँडजवळ टिनाच्या टपरीत बसू लागले. तिथं कुणी लेकीची गाडी थांबवली नाही. गाव दाखवणं त्यांनी सोडलं. मी स्टँडवर जायचं असलं की मागच्या गल्लीनं जायचो.

ते फार आजारी असल्याचं कळलं तेव्हा मात्र घरी गेलो. बाजेवर पडून होते. मी बैठकीच्या खोलीचं सगळं सांगून टाकलं.

"मालूम होतं, सर. तुमच्या घराले मोजनीची फीत लावली तवा दुसरं टोक म्याच धरलं होतं."

मग मला कशाला नेलंत, असं मी विचारलं.

"दुसरं कोन होतं माह्याजवळ?"

त्याच थंडीत ते गेले. जनाजा त्या रुंद रस्त्यानंच निघाला. खांदा द्यायला मी पुढं झालो, तेव्हा त्यांच्या मुलानं जागा करून दिली. त्याला काही माहीत होतं का, हे मला विचारवलं नाही.

आता कधी परगावचं कुणी विचारतं, इथं वेस होती म्हणे. मी खरं तेवढं सांगतो. ऐकणारा मान डोलावतो आणि गाडीला किक मारतो. रस्ता सरळ आहे, इथं थांबायचं काही कारण नाही.