सोबत न्यायची फळी

जावयाने जोर लावून फळी ओढली, तर फळीबरोबर स्वयंपाकघराच्या भिंतीच्या गिलाव्याचा परातीएवढा टवकाही त्याच्या डोक्यावर आला. घर विकलेलं, नवे मालक तासाभरात किल्ली घ्यायला येणार, आणि भिंतीला हे भगदाड! जावई कपाळाला हात लावून खालीच बसला.

सासरे जन्मभराचे सुतार. बाहेरच्या खोलीतलं आरशासारखं गुळगुळीत कपाट त्यांच्याच हातचं. ते तरी सोबत घ्या म्हणून सासूबाई आणि लेक सकाळपासून घसा कोरडा करत होत्या, पण हा माणूस ढिम्म. कपाट त्यांनी नव्या मालकांना खुशाल देऊन टाकलं होतं. हट्ट कशासाठी, तर या फळीसाठी! तीही त्यांनीच ठोकलेली, पण इतकी तिरकी, की डबे घरंगळू नयेत म्हणून सासूबाई कडेला कायम एक वीट ठेवायच्या.

“अहो मामा,” केसांतली माती झटकत जावई करवादला, “सोन्यासारखं कपाट सोडून हे ध्यान कशाला उरावर घेताय?”

सासऱ्यांनी फळी घाईघाईने चादरीत गुंडाळली.

“कपाट बघून लोक मला सुतार म्हणतील, जावईबापू, ही बघून काय म्हणतील?”