अबलख घोडीचे तीन चोर

ती घटना आठवली की आजही मी थोडा गोंधळतो.

निजामाच्या राजवटीत मी बीड जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा अमीन, म्हणजे फौजदार, होतो. बालाघाटावरच्या एका गावच्या जत्रेतली घोड्यांची शर्यत त्या मुलखात गाजलेली होती. त्या दिवशी तहसील कचेरी दुपारीच ओस पडे, जिनिंगचा भोंगा लवकर वाजे आणि रंगारी कितीतरी दिवस आधीपासून फेट्यांखेरीज दुसरं काम घेत नसत. गावच्या देशमुखांच्या अबलख घोडीच्या बाजूचे लोक जांभळे फेटे बांधत. आमच्या जवानांतही दोन तट पडत आणि हजेरीच्या वेळी मला दरडावावं लागे.

त्या वर्षी शर्यतीच्या आदल्या सकाळी खुद्द देशमुख ठाण्यात आले. घोडी तबेल्यातून नाहीशी झाली होती. शर्यतीत ही घोडी त्यांचा धाकटा भाऊ पळवीत असे. गेल्या साली तो जिंकला, पण शर्यत संपताच पडला आणि डोक्याला मार लागून बरेच दिवस अंथरुणावर होता.

"वैऱ्याचं काम हाय, अमीनसाहेब," देशमुख म्हणाले. "भाऊ सकाळधरनं घोडीच हुडकाया गेलाय."

फिर्याद घेऊन मी तबेल्याचा पंचनामा केला. दावं कापलेलं नव्हतं, सोडलेलं होतं. कुत्री भुंकल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. म्हणजे घरचंच माणूस. मी मोतद्दाराला बाजूला घेतलं. घोडीची सगळी निगा हा म्हातारा राखी. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "म्याच सोडली साहेब. बेड्या घाला."

"कुठं सोडलीस?"

"डोंगरात."

"कोणत्या अंगाला?"

त्यानं एकीकडे हात केला, मग दुसरीकडे. त्याचा जबाब पुरा होतोय तोच देशमुखांच्या आईंचा निरोप आला. मी आत गेलो. त्या दाराआडून बोलल्या, "त्या गरिबाला सोडा. घोडी म्या काढून दिली. माहेरी धाडली माझ्या."

"कोणाबरोबर, आईसाहेब?"

दार लोटल्याचा आवाज आला.

गुन्हा नाकारणारे मी पुष्कळ पाहिले होते. इथे एका चोरीला दोन चोर उभे होते आणि घोडी कुठे आहे ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. वैऱ्यानं दोघांना धमकावलं असेल, असंही मनात आलं. मी ओट्यावर बसून दोन्ही जबाब पुन्हा पुन्हा ताडून पाहिले. काही जुळेना.

तेवढ्यात एका जवानानं खबर आणली. मांजरसुंब्याहून आलेल्या गाडीवानानं तिथल्या बारवेवर अबलख घोडी पाहिली होती. "घोडीसंगं लई येडा गडी व्हता," गाडीवान मला म्हणाला. "बादली डाव्या अंगाला ठिवलेली, अन् ह्यो हातानं चाचपडत व्हता. दिवसाढवळ्या!"

आम्ही घोडे काढले. बारवेजवळच्या लिंबाखाली घोडी बांधलेली होती आणि शेजारी देशमुखांचा भाऊ बसला होता. तो पळाला नाही. मी त्याच्या डाव्या बाजूला बसलो आणि न बोलता पाण्याचा तांब्या पुढे केला. तो समोरच पाहत राहिला. तांब्या खांद्याला लागला तेव्हा दचकला.

"दिसत नाही?"

"डाव्यानं न्हाई. गेल्या साली पडलो तवापासून."

"मग घरी सांगायचं."

"कसं सांगू, साहेब? कचेरीतले कारकून फेटे रंगवून बसलेत. जिनिंगातले गडी मला खांद्यावर घ्यायची तयारी करतेत. दादाला तर सालभर दुसरा विषय न्हाई. मला मरायचं भ्याव न्हाई. वळणावर डावीकडून कुणी आलं तर मी त्याला तुडवीन."

दिवस मावळायच्या आत आम्ही वाड्यावर परतलो. मी सर्वांसमक्ष त्याचा जबाब वाचून दाखवला. मोतद्दार रडू लागला. धाकट्याला डावीकडचं दिसत नाही हे खोगीर घालताना त्याच्या ध्यानात आलं होतं. आईसाहेब म्हणाल्या, "सालभर त्याचं ताट मी उजवीकडं सरकवून ठिवते." दोघांनाही वाटत होतं की हे आपल्या एकट्यालाच माहीत आहे. घोडी गेली म्हणताच दोघांनी ओळखलं आणि दोघेही त्याच्या आड उभे राहिले.

देशमुख भावाकडे वळले. मग म्हणाले, "समद्यास्नी ठावं व्हतं. मलाच कावून न्हाई सांगितलं?"

त्यांनी फिर्याद मागे घेतली.

दुसऱ्या दिवशी माळावर माणूस मावत नव्हतं. घोडीवर विषप्रयोग झाला, करणी झाली, अशा वावड्या कचेरीपासून जिनिंगपर्यंत उठल्या होत्या. जांभळे फेटेवाले एकमेकांच्या तोंडाकडे पाहत होते. मग देशमुख स्वतः बैलगाडीवर चढले आणि मोठ्यानं म्हणाले, "माझ्या भावाला डाव्या डोळ्यानं दिसत न्हाई. घोडी पळणार न्हाई." शर्यत झाली, दुसराच कोणी जिंकला. कोण, ते मला आठवत नाही.

त्यानंतरच्या नोकरीत कोणी फार लवकर गुन्हा कबूल केला की मी लेखणी खाली ठेवी आणि आधी विचारी, घरी कोण कोण असतं?