वेरूळची खानावळ वाळूजला कशी गेली

वेरूळला मी लेणी बघायला गेले नव्हते. प्रवासात घरगुती जेवण कुठे मिळेल हे सांगणारी माझी छोटी वेबसाइट आहे आणि तिच्यावरची सुजाताबाईंची खानावळ लोकांना सापडत नव्हती. गल्लीत चुकत असतील, असं मला वाटलं. घरी बसून नकाशावरून अक्षांश-रेखांश उचलता आले असते. पण त्या नकाशासेवेच्या अटी मी वाचल्या आहेत. (अशीही माणसं असतात.) तिथले आकडे आपल्या साइटवर साठवायचे नाहीत. जागेवर उभं राहून आपल्या फोनने मोजलेले मात्र आपले. म्हणून निघाले.

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळला एसटी मिळते. रविवारी दौलताबादच्या वेशीत गाड्या अडकतात, तेव्हा सकाळी लवकर निघा.

विचारत विचारत पोचले. "जय भीम ताई, बसा," म्हणत सुजाताबाईंनी बाजरीची भाकरी, शेवग्याची आमटी आणि ठेचा वाढला. जेवण फर्मास होतं. त्या मात्र माझ्या तोंडाकडे बघत उभ्या.

"तिखट लई झालं का? खरं सांगा. माणसं निघालो म्हणून फोन करत्यात, अन् येतच नायत. कुणीतरी सांगत असंल, तिथलं जेवण नका खाऊ. हे म्हणत्यात, चूल बंद कर अन् उद्यापासून कंपनीच्या कँटीनला लाग."

'हे' म्हणजे त्यांचे यजमान, वाळूजला कारखान्यात कामाला. सुट्टी म्हणून घरीच होते. नोंदणीच्या वेळी त्यांच्याकडून आलेले, साइटवर साठवलेले आकडे मी नकाशात टाकले. ठिपका थेट वाळूजला.

"हे लोकेशन कुणी पाठवलं होतं?"

"मीच," यजमान म्हणाले. "शिफ्टच्या बसमधून उतरलो अन् गेटवरच बटण दाबलं. पण वर वेरूळच्या खानावळीचं नाव टाकलं होतं की!"

सुजाताबाई हसल्या नाहीत. "म्हंजे माणसं कंपनीच्या गेटवर जेवायला गेली व्हय?"

मी अंगणात जाऊन मोजमाप घेतलं. पत्र्याखाली मोजू नका, फोन गडबडतो. मोकळ्या आभाळाखाली थोडं थांबा.

घरी येऊन आकडे बदलले. एका ओळीचं काम. तेवढ्यावरून एका बाईने स्वतःच्या हाताच्या चवीवर शंका घेतली, याचं मला वाईट वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"गिऱ्हाईक काय अजून नाय आलं."

"मग कँटीन?"

"नाय म्हणून सांगितलं. ठिपका चुकला होता ताई. मी नव्हते चुकले."