सासऱ्यांनी मला माऊसला हात लावू दिला नाही

भुताखेतांचे किस्से सांगणाऱ्यांची मला पहिल्यापासून चीड आहे, हे आधीच लिहून टाकतो. वर्धेजवळच्या पिपरी मेघेत माझं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं काम आहे. लोक इथे टाकतात ते अनुभव वाचून मी कितीदा हसलोय! आता तुम्ही हसा, हरकत नाही... पण पूर्ण वाचा.

सासरवाडी जामजवळच्या एका गावात. जात वेगळी म्हणून सासऱ्यांनी आमचं लग्न कधीच मानलं नाही. ते होते तोवर त्या घराचा उंबरठा मी ओलांडला नाही. खोटं कशाला बोलू, माझाही त्या माणसावर राग होता. ते गेले, आणि सासूबाईंनी स्वतःहून निरोप धाडला तेव्हा कुठे जाणं-येणं सुरू झालं.

सासऱ्यांना फोटोचा भयंकर तिटकारा. कॅमेरा दिसला की उठून जात. मागे राहिला तो एकच व्हिडिओ, साळ्याच्या साक्षगंधातला, म्हणजे साखरपुड्यातला. त्यात ते आधी आचाऱ्यावर खेकसतात, मग सासूबाईंकडे वळून विचारतात, "तू जेवली का?" बस, एवढंच. सासूबाई तो घरच्या कॉम्प्युटरवर रोज संध्याकाळी लावायच्या.

यंदा अक्षय तृतीयेला पितरांना जेवू घालायचं, तर हार घालायला घरात फोटोच नाही. साळ्यानं, म्हणजे नीलेशनं, व्हिडिओतून फोटो काढायला नेटवरून कुठलंतरी फुकटचं सॉफ्टवेअर उतरवलं. फोटो काही निघाला नाही. मग या लोकांनी काय करावं? व्हिडिओ सासऱ्यांच्या चेहऱ्यावर थांबवला, मॉनिटरला हार घातला, कुंकू लावलं, समोर पुरणपोळीचं ताट ठेवलं आणि नाव घेऊन त्यांना जेवायला बोलावलं!

दुसऱ्याच दिवशी नीलेशचा फोन. "जिजाजी, कॉम्प्युटर पागल झालं. एकेक फाईल लॉक होऊन राह्यली. बाबाचा व्हिडिओबी उघडत नाई. आईनं सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नाई."

फुकटच्या सॉफ्टवेअरसोबत व्हायरस आला होता, त्यात काय नवल? मूळ व्हिडिओ डिस्कवर कुठेतरी असणार, पण व्हायरस चालू राहील तसा तो पुसला जाणार होता. घाई करणं भाग होतं. भर दुपारी बायकोला, प्रणालीला, घेऊन पोचलो.

आधी नेटची केबल उपटली. मग सेफ मोडमध्ये मशीन चालू करून पेनड्राइव्हवरून स्कॅन लावला. स्क्रीनवरचा बाण आपोआप सरकला आणि स्कॅन बंद. परत लावला, परत बंद. माऊस खराब असेल म्हणून तो काढून टाकला. माऊस माझ्या हातात, वायर खाली लोंबतेय, आणि बाण सरळ जाऊन स्कॅन बंद करून आला...

माझं डोकंच सणकलं. "कोण करून राह्यलं हे?" मी ओरडलो.

स्पीकरमधून कुणीतरी खाकरलं.

बायकोचा चेहरा पडला. "अहो, बाबा असेच खाकरत होते. कोणाले खुर्चीवरून उठवायचं असलं का..."

सासूबाई दारात उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "बापू, तुमी जरा बाहीर जा."

"आई, व्हायरस आहे तो! मी बाहेर जाऊन काय होणार?"

"जा म्हणलं ना. त्याईचा सोभाव मले मालूम आहे."

अपमान झाला, साफ सांगतो. बाहेर कडुनिंबाखाली उभा राहून खिडकीतून बायकोला एकेक पायरी सांगत गेलो. तोच पेनड्राइव्ह, तोच स्कॅन. पहिल्या झटक्यात पूर्ण! व्हायरस निघाला, पुसलेला व्हिडिओही रिकव्हरीत परत आला. सासूबाई रडताना ऐकू आल्या म्हणून धावत आत गेलो... आणि व्हिडिओ थांबला. बाहेर आलो की सुरू, आत गेलो की बंद. बायकोच्या मोबाईलवर कॉपी घेतली, तिथेही तेच. मी बापडा काय करणार? गेलो की संध्याकाळी ओसरीत बसायचं, असं ठरूनच गेलं.

मागच्या महिन्यात व्हिडिओच्या वेळी असाच उठायला लागलो, तर सासूबाई म्हणाल्या, "बसा." व्हिडिओ अर्थातच थांबला. त्या स्क्रीनकडे वळल्या. मग एकदम तडकल्या, "आयकून राह्यले का, प्रणालीचे बाबा? याईनंच तुमाले वापस आणलं. हाबी माणूस माह्याच घरचा आहे. तुमाले पटत नसन तं तुमीच जा बाहीर!"

आणि खटकन बटण बंद केलं. त्या रात्री मला पहिल्यांदा त्या घरात पाटावर बसवून, आग्रह करकरून वाढलं.

तेव्हापासून तो व्हिडिओ कुणासमोरच चालत नाही. मी वर्धेला असलो तरी नाही. फाईल उघडते, चित्र दिसतं, पण सासरे तोंड मिटून बसलेले, "तू जेवली का?" काही येत नाही. मोबाईलवरच्या कॉपीतही तेच. मी फाईल दहा प्रकारे तपासली, नागपूरच्या ओळखीच्या माणसाला दाखवली. फाईलमध्ये काडीचाही दोष नाही, म्हणे. मग आवाज गेला कुठे? मेल्यावरही एवढी खुन्नस?

सासूबाई अजूनही रोज संध्याकाळी व्हिडिओ लावतात, थोडा वेळ त्या एका प्रश्नाची वाट बघतात आणि बंद करतात. मला एका शब्दानं दोष देत नाहीत. उलट विचारतात, "बापू, येता रविवारी येजा ना?"

मी जातो. काय झालं असेल ते मला आजही सांगता येत नाही... आणि सासूबाईंकडे मान वर करून बघताही येत नाही.